मागावरचे माप, दुकानातले माप

खानदेशात मण म्हणजे ४० शेर. बोलताना सरळ ४० किलो धरतात. उधना-जळगाव लोहमार्गाने सुरतेला आले, की गुजरातच्या बाजार समितीत तोच मण २० किलोचा होतो. शब्द तोच, उच्चार तोच, माप निम्मे. तरी या फरकाने सहसा कोणी फसत नाही, कारण तो दोन्हीकडच्या माणसांना ठाऊक आहे आणि भाव बोलण्याआधी मण कुठला हे ठरलेले असते. संगणकाच्या व्यवहारातही असा एक शब्द आहे: 'एमबी'. तो इंटरनेटच्या जाहिरातीत येतो, पेनड्राइव्हच्या वेष्टनावर येतो, हार्ड डिस्कच्या बिलात येतो. तिथे मात्र 'कुठला एमबी?' असे विचारायची सवय आपल्याला लागलेली नाही. नेटवर्कचा वेग आणि साठवणुकीच्या साधनांचा वेग एकमेकांत कसा बदलायचा, हा या पुस्तिकेचा विषय आहे. कोष्टके पुढे येतीलच. ती वापरण्याआधी एक गोष्ट पटवून द्यायची आहे, ती अशी: वेगाचा आकडा कुठे मोजला हे कळल्याशिवाय तो बदलता येत नाही. आठाने भागणे ही या कामाची फक्त पहिली पायरी आहे.

पहिली पायरी मात्र पक्की हवी, कारण मराठीत ती विशेष निसरडी आहे. रोमन लिपीत लहान 'बी' म्हणजे बिट आणि मोठा 'बी' म्हणजे बाइट; एका बाइटमध्ये आठ बिट. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नाहीत. 'एमबीपीएस' असे लिहिले, की तो मेगाबिटचा वेग आहे की मेगाबाइटचा, हे सांगणारी खूण लिपी बदलतानाच गळून पडते आणि तिच्याबरोबर आठपटीचा फरक दिसेनासा होतो. म्हणून या पुस्तिकेत या मापांचे संक्षेप वापरलेले नाहीत. सगळीकडे 'मेगाबिट' किंवा 'मेगाबाइट' असे पूर्ण लिहिले आहे. वाचायला ते थोडे लांबते, पण मराठीत वेगाबद्दल नेमके बोलायचे असेल तर याहून खात्रीचा मार्ग नाही. नेटवर्क बिटमध्ये आणि डिस्क बाइटमध्ये मोजण्याचा फरक मुळात का पडला, हेही समजून घ्यावे. तारेवरून एकामागून एक बिट जातात, म्हणून तार बांधणाऱ्यांनी बिट मोजले. शिवाय बाइट नेहमीच आठ बिटांचा नव्हता. वर्नर बुखहोल्ट्झ यांनी १९५६ साली आयबीएममध्ये हा शब्द घडवला तेव्हा त्याचा आकार ठरलेला नव्हता. १९६४ च्या आयबीएम सिस्टिम/३६० नंतर आठ बिट रूढ झाले. ज्याचा आकार यंत्रागणिक बदलतो, त्या मापाने तारेचा वेग सांगण्यात अर्थ नव्हता. उलट डिस्कवर अक्षरे, चित्रे, हिशेब ठेवायचे असतात आणि ते बाइटनेच मोजले जातात. म्हणजे नेटवर्कवाल्यांनी बिट धरला तो आकडा फुगवण्यासाठी, हा समज मुळातून चुकीचा आहे. दोन व्यवसायांनी आपापल्या कामाला साजेसे माप घेतले. ग्राहक मात्र दोन्ही दुकानांत जातो, आणि दोन मापांचा मेळ घालायचे काम त्याच्या गळ्यात येते.

बमरोलीत हा मेळ कामाच्या जागीच घालावा लागतो. पांडेसऱ्याच्या औद्योगिक वसाहतीला लागून असलेला सुरतेचा हा भाग यंत्रमागांचा आहे. सुरतेत कापड छापण्याचे काम आता डिजिटल मशीनवरही होते, आणि अशा छपाईत कापडाच्या आधी फाइल प्रवास करते. एक साडी घेऊ: लांबी साडेपाच मीटर, पन्हा ४५ इंच, पदर आणि अंग वेगवेगळे असल्याने नक्षी कुठेही पुन्हा येत नाही. इंचाला १५० ठिपके धरले, तर लांबीत सुमारे ३२,४८० आणि पन्ह्यात ६,७५० ठिपके बसतात. एकूण जवळजवळ २२ कोटी. छपाईच्या चार रंगांसाठी प्रत्येक ठिपक्याला चार बाइट लागतात, म्हणजे फाइल सुमारे ८७७ मेगाबाइटची झाली, बिटांत ७,०१६ मेगाबिट. डिझायनरकडे सेकंदाला १०० मेगाबिटची जोडणी असेल, तर जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट दर सेकंदाला जातील आणि फाइलला किमान ७० सेकंद लागतील. 'शंभरचा वेग आहे, नऊशेची फाइल आहे, नऊ सेकंदांत जाईल' असे मनाशी धरणारा माणूस पहिल्याच पायरीवर आठपट चुकतो. आपल्याकडच्या सरकारी व्याख्येत ब्रॉडबँडचा किमान वेग २००४ साली सेकंदाला २५६ किलोबिट होता, २०१३ मध्ये ५१२ किलोबिट झाला आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट. हा २ मेगाबिट म्हणजे सेकंदाला २५० किलोबाइट, आणि या वेगाने आपली एक साडी पोचायला जवळजवळ एक तास लागेल. शिवाय व्याख्येतला हा वेग फाइल उतरवून घेण्याचा आहे, आणि डिझायनरला फाइल पाठवायची असते. पाठवण्याचा वेग वेगळा असू शकतो, म्हणून तो वेगळा विचारावा लागतो.

इथवर फक्त आठाचा भागाकार झाला. खरा प्रश्न पुढे सुरू होतो, आणि तो यंत्रमागावर काम करणाऱ्याला चटकन कळेल असा आहे. मिनिटाला ६०० पिक, म्हणजे आडव्या धाग्याच्या फेऱ्या, टाकणारे वॉटरजेट मशीन आहे आणि कापडात इंचाला ६० पिक हवेत. मिनिटाला १० इंच, तासाला ६०० इंच, म्हणजे १५.२४ मीटर कापड निघायला हवे. बारा तासांच्या पाळीत हे १८३ मीटर होतात. पाळी संपल्यावर मशीनखाली १८३ मीटर सापडतील, असे कोणीही कारीगर म्हणणार नाही. धागा तुटतो, बीम बदलावा लागतो, मशीन थांबते. ९० टक्के कार्यक्षमता धरली तर हाती सुमारे १६५ मीटर येतात. पुढे ताका प्रोसेसला जातो आणि तिथे आटतो, म्हणून सौदा करताना मीटर ग्रेचे, म्हणजे मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाचे, की फिनिशचे, म्हणजे प्रोसेस झालेल्या कापडाचे, हे आधी ठरते. मागाचा वेग, ग्रेचे मीटर आणि फिनिशचे मीटर हे तिन्ही आकडे खरेच आहेत. फक्त ते एकाच प्रवासातल्या तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर घेतलेले आहेत. एका टप्प्यावरचा आकडा दुसऱ्या टप्प्यावरच्या आकड्याशी तोलला, की हिशेब चुकतो. डेटाचेही अगदी तसेच आहे, आणि इथे चूक अधिक सहज होते, कारण धागा तुटताना दिसतो, बिट खर्ची पडताना दिसत नाही.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा दोन मानकांच्या नावांतच आहे. घड्याळाचे ठोके सांगायला वेगळी तार नसेल, तर लागोपाठ बरीच शून्ये किंवा बरेच एक आल्यावर समोरच्या यंत्राची मोजणी चुकू शकते. म्हणून दर आठ बिटांच्या जागी नीट निवडलेले दहा बिट पाठवण्याची एक पद्धत आयबीएमच्या विडमर आणि फ्रानाशेक यांनी १९८३ मध्ये मांडली. या पद्धतीत तारेवरचा पाचवा हिस्सा शिस्त राखण्यात जातो. फायबरवरचे गिगाबिट इथरनेट ही पद्धत वापरते आणि डिस्क जोडणारे साटाही वापरते. आता नावे पाहा. गिगाबिट इथरनेटमध्ये फायबरवरून सेकंदाला १२५ कोटी बिट धावतात, पण नाव आहे १०० कोटींचे, कारण शिस्तीचे बिट नावातून आधीच वगळलेले आहेत. पहिल्या पिढीच्या साटामध्ये तारेवरून १५० कोटी बिट धावतात आणि नावही दीड गिगाबिटचेच आहे. शिस्तीचे बिट नावातच धरलेले आहेत. दोन्ही आकड्यांना आठाने भागले, तर इथरनेटचे १२५ मेगाबाइट येतात आणि ते बरोबर आहे. साटाचे १८७.५ मेगाबाइट येतात आणि ते चूक आहे. खरे उत्तर १५०. पद्धत एकच, 'गिगाबिट' हा शब्दही एकच, पण एकाने दुकानातले माप सांगितले आणि दुसऱ्याने मागावरचे. म्हणून साटाच्या दीड, तीन आणि सहा गिगाबिटचे अनुक्रमे १५०, ३०० आणि ६०० मेगाबाइट होतात. यूएसबी ३.० चे पाच गिगाबिटही मागावरचेच माप आहे, म्हणून त्याचे ६२५ ऐवजी ५०० मेगाबाइट धरायचे.

शिस्तीची किंमत सगळीकडे सारखी नसते, ही यातली पुढची गाठ. संगणकाच्या आतले भाग जोडणाऱ्या पीसीआय एक्सप्रेसच्या पहिल्या दोन पिढ्यांनी आठाला दहाचीच पद्धत ठेवली. २०१० च्या तिसऱ्या पिढीने १२८ बिटांना १३० बिट पाठवायला सुरुवात केली आणि वीस टक्क्यांची घट दीड टक्क्यावर आणली. दुसऱ्या पिढीपेक्षा तारेवरचा वेग पाच गिगाबिटवरून आठ गिगाबिटपर्यंत, म्हणजे ६० टक्क्यांनीच वाढला. हाती येणारा वेग मात्र एका मार्गिकेला ५०० मेगाबाइटवरून सुमारे ९८५ मेगाबाइट झाला, जवळजवळ दुप्पट. केवळ तारेवरचे आकडे तोलणाऱ्याला ही वाढ दिसणारच नाही. यूएसबी २.० तर वेगळ्याच रीतीने चालते. लागोपाठ सहा एक आले, की ते मध्ये एक शून्य घुसवते. त्यामुळे घट फाइलमधल्या मजकुरावरही अवलंबून राहते. नेटवर्कमध्ये शिस्तीचे बिट नावात धरलेले नसले तरी डेटाला पाकिटाचा खर्च असतोच. नेहमीच्या इथरनेटमध्ये १५०० बाइटचे पाकीट तारेवर मोकळ्या जागेसह १५३८ बाइटची जागा व्यापते आणि त्या १५०० मध्येही पत्त्याचे आणि पोचपावतीचे साधारण ४० बाइट जातात. हाती राहतात १४६०. म्हणून गिगाबिट इथरनेटवर फाइल कॉपी करताना १२५ ऐवजी ११८ मेगाबाइटच्या आसपास वेग दिसला, तर तार अगदी उत्तम चालली आहे असे समजावे. तक्रार करायला जाण्याआधी हा हिशेब ठाऊक असला, तर तक्रार कुठे खरी आहे आणि कुठे नाही हेही कळते.

कुठे मोजले याला जोडूनच किती काळ मोजले हा प्रश्न येतो. बमरोलीत सुरत महानगरपालिकेचा सांडपाण्यावर पुन्हा प्रक्रिया करणारा प्रकल्प आहे. तिथून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना पाणी दिले जाते. त्याची क्षमता दिवसाला चार कोटी लिटर. सेकंदाचा हिशेब काढला तर सुमारे ४६३ लिटर येतात. पण ही अख्ख्या दिवसाची सरासरी आहे. एखाद्या सेकंदाला नळातून तितकेच पाणी आले पाहिजे असे ती सांगत नाही. साठवणुकीच्या साधनांवरचे आकडे बहुधा याच्या उलट असतात. एसएसडीच्या वेष्टनावर छापलेला लिहिण्याचा वेग पुष्कळदा सुरुवातीच्या ठरावीक डेटापुरताच टिकतो, कारण तेवढा डेटा आतल्या चपळ भागात मावतो. तो भाग भरला की लिहिण्याचा वेग उतरतो. पेनड्राइव्हवर 'यूएसबी २.०' लिहिलेले असते तेव्हा तो आकडा दाराचा असतो: ४८० मेगाबिट, म्हणजे ६० मेगाबाइट, आणि व्यवहारात तीस ते चाळीस. आतली चिप सेकंदाला आठ-दहा मेगाबाइटच लिहू शकत असेल, तर दार कितीही रुंद असले तरी आपल्या साडीच्या फाइलला दीड-दोन मिनिटे लागणारच. साखळीत सगळ्यांत हळू असलेली कडी वेग ठरवते. म्हणून दोन मानकांचे रूपांतर करून थांबायचे नाही. फाइल निघते तिथपासून पोचते तिथपर्यंतची प्रत्येक कडी एकाच मापात आणायची आणि मग सर्वांत लहान आकडा उचलायचा.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की हे सगळे फोनवरचे कॅल्क्युलेटर क्षणात करते, मग पुस्तिकेची गरज काय? कॅल्क्युलेटर भागाकार करते, आणि तो अचूक करते. दिलेला आकडा मागावरचा की दुकानातला, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. साटाचे सहा गिगाबिट दिले तर ते निःशंकपणे ७५० मेगाबाइट म्हणेल आणि ती चूक आकड्याच्या रुबाबाखाली झाकली जाईल. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. जाणकार सांगतात, सरळ दहाने भागा. १०० मेगाबिटचे १०, गिगाबिटचे १००. हा नियम चांगला आहे आणि त्याला कारणही आहे. आठाला दहाच्या पद्धतीतल्या मागावरच्या आकड्यांना तो तंतोतंत बरोबर येतो आणि इथरनेटमध्ये थोडा कमी अंदाज देतो, जो व्यवहारात बरा. पण पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीला तो लावला, तर सुमारे वीस टक्के वेग हिशेबातून वाया जातो. आणि यूएसबी २.० ला लावला तर ४८ मेगाबाइट येतात, जे प्रत्यक्षात मिळत नाहीत. नियम वापरावा, पण तो कुठे चालतो आणि कुठे नाही हे ठाऊक ठेवून. पावकी-निमकी पाठ असलेली माणसेही मोठा सौदा कागदावर मांडूनच करत.

तिसरा आक्षेप हजाराचा आणि १०२४ चा. इंटरनेटचा मेगाबिट आणि डिस्क विकणाऱ्यांचा मेगाबाइट दोन्ही दहा लाखांचे असतात. विंडोज मात्र १०२४ गुणिले १०२४ चा मेगाबाइट धरते. म्हणून आपली ८७७ मेगाबाइटची फाइल त्याच्या पडद्यावर सुमारे ८३६ दिसते आणि एक टेराबाइटची डिस्क ९३१ गिगाबाइटची. विकणाऱ्याने कमी माप दिले असे अनेकांना वाटते, पण बाइट तितकेच आहेत. दुसऱ्या मापाला वेगळे नाव असावे म्हणून १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत तांत्रिक आयोगाने 'मेबिबाइट', 'गिबिबाइट' ही नावे सुचवली. बाजारात ती फारशी रुळली नाहीत. वेगाच्या हिशेबात मेगाच्या पातळीवर हा फरक पाच टक्क्यांपेक्षा कमी आहे, म्हणून त्यावर इथे अधिक शाई खर्च केलेली नाही. मात्र पातळी चढेल तसा तो वाढतो; टेराला तो दहा टक्क्यांजवळ जातो आणि मग दुर्लक्ष परवडत नाही.

शेवटचा आक्षेप असा, की वेग दरवर्षी वाढतोच आहे, मग हिशेबात डोके का घालायचे? त्याचे उत्तर सुरतेच्या कापडधंद्यातच आहे. सुरतेचा विणकर धाग्याची जाडी डेनियरमध्ये सांगतो: ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. सुती धाग्याचा व्यापारी काउंट सांगतो: एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लड्या बसतात. डेनियर वाढला की धागा जाड, काउंट वाढला की धागा बारीक. ५३१५ ला या दोहोंपैकी एका आकड्याने भागले की दुसरा मिळतो. १५० डेनियर म्हणजे साधारण ३५ काउंट, आणि ७५ डेनियर म्हणजे साधारण ७१. वेग आणि वेळ यांचे नाते नेमके असेच उलटे आहे. जाहिरात वेग विकते. काम करणाऱ्याला वेळ हवा असतो. आपली साडी १०० मेगाबिटवर ७० सेकंदांत जाते, २०० वर ३५ सेकंदांत, ३०० वर २३ सेकंदांत. पहिल्या शंभराने ३५ सेकंद वाचले, दुसऱ्या शंभराने जेमतेम १२, आणि दोन्ही वेळा आकडा मात्र सारखाच वाढला. वेगाच्या मागे पैसे टाकण्याआधी तो वेळेत बदलून पाहिला, तर कुठे थांबायचे हे कळते. वेग वाढतो तशी फाइलही वाढते: तीच साडी इंचाला ३०० ठिपक्यांवर नेली, तर ठिपके दुप्पट न होता चौपट होतात आणि फाइल साडेतीन गिगाबाइटची होते. हिशेबाची गरज म्हणूनच संपत नाही.

या पुस्तिकेतली कोष्टके पुढील क्रमाने मांडली आहेत. प्रत्येक मानकासमोर आधी नावातला वेग, मग शिस्तीचे बिट वजा केल्यावरचा वेग मेगाबाइटमध्ये, मग व्यवहारात अपेक्षित असलेला वेग आणि शेवटी एक गिगाबाइटला लागणारा वेळ. मधले दोन रकाने हे या पुस्तिकेचे खरे काम आहे. वाचकाने पहिल्या रकान्यावरून थेट शेवटच्या रकान्यावर उडी मारू नये, एवढी विनंती. सुरतेत महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, लिंबायत-डिंडोलीपासून पांडेसऱ्यापर्यंत मराठी घरे आहेत, आणि त्या घरांतली मुले डिझाइन, हिशेब, दुरुस्ती अशा कामांत रोज या आकड्यांना सामोरी जातात. त्यांच्या घरात पिक आणि मीटर, ग्रे आणि फिनिश, डेनियर आणि काउंट यांचे रूपांतर करण्याची बुद्धी आधीपासून आहे. ताका हाती घेताना त्यांच्या घरातले मोठे माणूस मीटर विचारते आणि लगेच विचारते, 'ग्रेचे का फिनिशचे?' वेगाचा आकडा समोर आला की हाच प्रश्न ओठांवर यावा, यासाठी हे सगळे लिहिले आहे.

बमरोली, सुरत